तुम्ही विचारलंत म्हणून: पिक्चर भिकार, मग पोस्टर कशाला?

आमच्या रामबागेतल्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस जिन्यातली फ्रेम बघतो आणि विचारतोच, की अहो हे असले राक्षसांचे जुने इंग्रजी पिक्चर तुम्हाला खरंच आवडतात का?

नाही हो. त्यातले बरेचसे तर शेवटपर्यंत बघवत नाहीत. मला पोस्टर आवडतात.

ती फ्रेम आहे 1958 च्या ‘अटॅक ऑफ द फिफ्टी फूट वुमन’ची, चित्र रेनॉल्ड ब्राउनचं. अवाढव्य बाई हायवेवर दोन्हीकडे पाय टाकून उभी, हातात मोटार, खाली लोक सैरावैरा पळतायत. आता पिक्चर लावा. ब्लॅक अँड व्हाइट, ट्रिक फोटोग्राफी इतकी स्वस्तातली की बाईच्या अंगातून मागचं सगळं दिसतं, आणि तो हायवेचा सीन अख्ख्या पिक्चरमध्ये नाहीच! लोक म्हणतात फसवणूक. असेल, पण मला खरी मजा तिथेच वाटते, कारण प्रोड्यूसरकडे पैसे नव्हते आणि पेंटरला काय, बाई पाच फुटांची काढा नाहीतर पन्नास फुटांची, रंग तेवढाच लागतो, त्यामुळे जो पिक्चर कुणालाच परवडला नसता तो ह्या माणसाने एका कागदावर काढून मोकळा केला.

अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स ही असले स्वस्तातले पिक्चर काढणारी कंपनी, ते तर उलटंच करायचे. आधी नाव, मग पोस्टर, ते टॉकीजवाल्यांना पसंत पडलं तर मग स्टोरी लिहायला घ्यायची. म्हणजे पिक्चरच पोस्टरच्या मागे धावायचा.

आणि हे आपल्या इंदूरवाल्यांना तरी समजावून सांगायला लागू नये. चित्रकार एम. एफ. हुसेन इथेच वाढले, देवळालीकरांच्या चित्रशाळेत शिकले आणि मुंबईत जाऊन सिनेमाची होर्डिंगं रंगवत होते. आमच्या लहानपणी रामसे बंधूंच्या पिक्चरची बॅनरं लागायची, ‘पुराना मंदिर’ वगैरे, जवळ जाऊन पाहिलं तर नुसते निळे-जांभळे-गुलाबी फटकारे, काही म्हणता काही कळायचं नाही, आणि रस्त्याच्या पलीकडून तोच राक्षस थेट तुमच्याकडे बघायचा. बॅनर लांबून बघायचं असतं हे त्या पेंटरांना पक्कं माहीत होतं. आत जाऊन पाहिलं की मात्र रबरी मुखवटा!

किंमत पण विचारतात लोक. माझी फ्रेम साधी प्रिंट आहे, चोरी करायला येऊ नका. ओरिजिनलची गोष्ट वेगळी. 1932 च्या ‘द ममी’चं कॅरोली ग्रोझच्या हातचं पोस्टर 1997 मध्ये लिलावात 4,53,500 डॉलरला गेलं. असली पोस्टरं तेव्हा जपून ठेवायची म्हणून कोण छापत होतं, पिक्चर उतरला की कामच संपलं, म्हणून आता शिल्लक फारच थोडी.

माझी तक्रार आहे ती फक्त ‘फॉरबिडन प्लॅनेट’च्या पोस्टरबद्दल, 1956 चं. त्यात रॉबी रोबोट बेशुद्ध बाईला उचलून नेताना दाखवलाय, चेहरा एकदम खुनशी. पिक्चरमध्ये तो बिचारा स्वयंपाक करतो, कपडे शिवतो, माणसाला इजा करायची वेळ आली तर त्याचं सर्किटच जाम होतं. एवढ्या गुणी मुलाची बदनामी कशाला करायची?