उपसालातलं पिवळं फूल

परवा फोनवर काकांनी विचारलंच, "फुलांतली जनुकं बघायला स्वीडन कशाला? पुण्यात पाषाणला एनसीएल, आयसर अशा संशोधन संस्था आहेत!" प्रश्न झोंबला, कारण त्यात तथ्य आहे.

इथे, स्वीडनमधल्या उपसालात, रस्त्याकडेला लिनारियाची पिवळी फुलं येतात. स्नॅपड्रॅगनच्याच कुळातली, मागे एकच टोकदार नळी असलेली. शेजारच्या आजींचा जीवशास्त्राशी काडीचा संबंध नाही, पण चालताना थांबून त्यांनी मला या फुलाची गोष्ट सांगितली. 1742 मध्ये एका विद्यार्थ्याला स्टॉकहोमजवळच्या बेटावर याचं वेगळंच रूप सापडलं : चहूबाजूंनी सारखं, पाच नळ्यांचं. ते पाहून सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणारा खुद्द लिनियस चक्रावला. ही गोष्ट मी शोधनिबंधात वाचली होती; रस्त्यावर ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. मला त्यांचा हेवा वाटला, अजून वाटतो.

पण उकल काही स्वीडनमध्ये झाली नाही. 1999 मध्ये इंग्लंडात, नॉरिचला, एन्रिको कोएन यांच्या गटाने दाखवलं की फुलाच्या वरच्या-खालच्या बाजू वेगळ्या करणारं जनुक जागेवरच आहे, फक्त मिथाइल गटांनी, म्हणजे डीएनएवर चिकटणाऱ्या छोट्या रासायनिक खुणांनी, भरून गप्प झालंय. हे गप्प राहणं बियांतून पुढच्या पिढीतही उतरतं. क्वचित एखाद्या फांदीवर मिथाइल कमी होतं आणि फूल पुन्हा नेहमीच्या वळणावर जातं.

वनस्पतींचा हा कारभार मला विलक्षण वाटतो. डीएनएच्या चार अक्षरांपैकी सी आणि जी ही दोन. प्राण्यांत मिथाइल बहुतेक करून जी-च्या आधीच्या सी-वर बसतं. वनस्पतींत कुठल्याही सी-वर बसू शकतं. 24 अक्षरांचे चिमुकले आरएनए जागा दाखवतात, डीआरएम2 हे एन्झाइम तिथे मिथाइल लावतं आणि डीएनएची नक्कल होताना मेट1 सी-जी जोड्यांवरची खूण नव्या धाग्यावर उतरवतं. सगळा बंदोबस्त मुख्यतः जीनोममध्ये, म्हणजे सगळ्या डीएनएत, उड्या मारणाऱ्या ट्रान्सपोझॉन नावाच्या तुकड्यांना गप्प ठेवण्यासाठी. कधी एखादं कामाचं जनुकही त्यात सापडतं. सस्तन प्राण्यांत पिढी बदलताना या खुणा बहुतांशी पुसल्या जातात, वनस्पतींत पुष्कळशा टिकतात.

खुणा वाचायची बायसल्फाइट पद्धत पुण्यातही हीच आहे. मी इथे आले ते मार्गदर्शक इथे मिळाल्या म्हणून, पुणं कमी पडलं म्हणून नव्हे. आपल्या जुन्नरच्या कड्यांवरची शिंदळ माकुडी ही वनस्पती लिनारियापेक्षा कितीतरी दुर्मिळ. तिच्या मिथाइलचा नकाशा पुण्यातच व्हावा, उपसालात नको.