विश्वास असला की भीती जाते का? तुम्ही विचारलंत म्हणून

मी परिचारिका म्हणून नोकरीत असताना रुग्णांचे नातेवाईक हा प्रश्न विचारत. आता निवृत्तीनंतर सोसायटीतल्या शेजारणी विचारतात, चर्चच्या मंडळीतल्या तरुण मुली विचारतात, आणि ऑपरेशनची तारीख हातात पडलेली ओळखीपाळखीची माणसे तर हमखास विचारतात. शब्द थोडेफार बदलतात, पण प्रश्न एकच असतो : "सिस्टर, तुम्ही प्रार्थना करता, तुमचा येशूवर एवढा विश्वास आहे, मग तुम्हाला भीती वाटतच नसेल, नाही का?" विचारणाऱ्याला बहुतेक वेळा माझ्याविषयी काही जाणून घ्यायचे नसते. त्याच्या घरात काहीतरी चाललेले असते, कुणाचा तरी रिपोर्ट यायचा असतो, आणि भीती घालवण्याचा एखादा उपाय माझ्याजवळ असेल तर तो त्याला हवा असतो. जिन्यात उभ्याउभ्या याचे धड उत्तर देता येत नाही, म्हणून लिहिते आहे. मला भीती वाटते. पूर्वीही वाटत होती. विश्वासाने जे झाले ते निराळेच आहे आणि ते सांगायला थोडी जागा लागते.

माझी आजी नगर जिल्ह्यातल्या खेड्यांतून 'बायबल बाई' म्हणून फिरत असे. बायकांना अक्षरे शिकवायची, शास्त्रपाठ वाचून दाखवायचा, बाळंतिणीची चौकशी करायची आणि पुढच्या गावाला जायचे, असे तिचे काम होते. ती कशालाही भीत नव्हती, अशी तिची ख्याती घरात अजून आहे. मी मात्र लहानपणी तिच्याजवळ झोपत असे आणि ती कशाकशाला भीत होती हे मला पक्के ठाऊक आहे. ती विंचवाला भीत असे, पावसाळ्यात नदी उतरायला भीत असे, आणि सर्वात जास्त आजोबांच्या खोकल्याला भीत असे. कंदिलाची वात बारीक केली की ती अंथरुणावर उठून बसायची आणि देवाशी बोलायला लागायची. त्या बोलण्यात स्तुतीची मोठमोठी विशेषणे नसत. घरातल्या कर्त्या माणसापुढे गाऱ्हाणे मांडावे तसा तिचा सूर असे. "बापा, यांचा खोकला आज पुन्हा वाढलाय, तू बघतोयस ना? मला काही सुचत नाहीये." एवढे सांगून झाले की ती पदर सारखा करून आडवी व्हायची आणि खरोखर झोपायची. आजोबांचा खोकला त्या रात्री थांबलेला नसायचा. मी जागी असायची, मला तो ऐकू यायचा.

विश्वास म्हणून मला घरातून जे मिळाले ते मुख्यतः एवढेच आहे. भीती कुणाला तरी सांगता येते, आणि ज्याला सांगायची तो ऐकून कंटाळत नाही आणि दचकतही नाही. मंडळीत मात्र पुष्कळदा उलटे शिकवले जाते. भीती वाटणे हीच अविश्वासाची खूण आहे, तेव्हा ती लपवावी, तोंडाने हालेलुया म्हणावे आणि वचन लिहिलेले कार्ड उशाखाली ठेवावे, असे काहींना वाटते. कार्ड ठेवायला माझी हरकत नाही, माझ्याही पर्समध्ये एक आहे. परंतु वचनाचा ताईत केला की त्यातला देव बाजूला राहतो आणि कागद तेवढा हातात उरतो. मोबाइलवर दर महिन्याला एक निरोप फिरत येतो, की 'भिऊ नको' ही आज्ञा पवित्र शास्त्रात बरोबर ३६५ वेळा, म्हणजे वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एकदा, दिली आहे. शास्त्र उघडून मोजायला बसले तर हा आकडा जुळत नाही. तो जुळण्याची गरजही नाही. आज्ञा किती वेळा आली यापेक्षा तिच्यापुढे कारण काय दिले आहे, हे पाहणे जास्त उपयोगाचे आहे.

ते कारण बहुतेक ठिकाणी एकच आहे. यहोशवा या पुढाऱ्याला, यिर्मया या संदेष्ट्याला, यशयाच्या ग्रंथात बंदिवासातल्या लोकांना देव सांगतो की भिऊ नको, कारण मी तुझ्याबरोबर आहे. तुला काहीही होणार नाही, हे कारण फार क्वचित येते. येशूचा प्रेषित पौल याला करिंथ शहरात रात्री दृष्टान्त झाला, तेव्हा 'या नगरात तुला कोणी इजा करणार नाही' असेही आश्वासन मिळाले, हे खरे. पण ते त्या एका नगरापुरते होते. पुढे यरुशलेमेत त्याच पौलाला जमावाने मारहाण केली आणि तिथून तो कैदी झाला. आणि करिंथमधल्या त्या दिवसांविषयी त्याने स्वतः तिथल्या मंडळीला काय लिहिले आहे? आपण तुमच्याकडे आलो तेव्हा अशक्त होतो, भयभीत होतो आणि थरथर कापत होतो, असे त्याने लिहिले आहे. प्रेषिताने हे लिहून ठेवले आणि मंडळीने ते जपून ठेवले, म्हणून आपल्याला उसने अवसान आणण्याची गरज उरत नाही, असे मी मानते.

याहून पुढची गोष्ट गेथशेमाने बागेतली आहे. रात्रपाळीला वॉर्ड शांत असला, की मी टेबलावरच्या दिव्याखाली मार्काचे शुभवर्तमान, म्हणजे मार्काने सांगितलेले येशूचे चरित्र, वाचत असे. चौदाव्या अध्यायाशी माझे वाचन पुष्कळदा थांबे. अटकेच्या आधी येशू व्याकूळ होतो, 'माझा जीव मरणप्राय अतिखिन्न झाला आहे' असे सोबत्यांना सांगतो, जमिनीवर पडतो आणि हा दुःखाचा प्याला माझ्यापासून दूर कर अशी देवाकडे मागणी करतो. 'माझ्या इच्छेप्रमाणे नको, तर तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे' हे वाक्य त्यानंतर येते. आपण ते वाक्य प्रवचनांत इतक्यांदा ऐकतो की आधीची मागणी विसरूनच जातो. ज्याच्या नावाने मी प्रार्थना करते त्याने स्वतः 'मला हे नको आहे' असे म्हटले होते, आणि त्याच्या तोंडी ते पाप ठरले नाही. मग माझ्या तोंडी का ठरावे?

हे सगळे वाचनातले ज्ञान होते, तोवर सोपे होते. नंतर माझ्या स्वतःच्या छातीत गाठ लागली. इतकी वर्षे दुसऱ्यांच्या बायॉप्सीचे कागद फाइलला लावणाऱ्या बाईला कोणता शब्द आला तर त्याचा अर्थ काय, हे सगळे ठाऊक असते आणि हे ठाऊक असणेच त्या दिवसांत वैरी होते. रिपोर्ट यायच्या आदल्या रात्री मी स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी होते. दूध तापायला ठेवले होते आणि ते उतू गेले तरी मला हात पुढे करून गॅस बंद करता येईना. हातपाय गळणे म्हणजे काय, ते मला तेव्हा समजले. प्रार्थनेला शब्द सुचले नाहीत. तेविसावे स्तोत्र मला बाप्तिस्म्याच्या आधीपासून पाठ आहे, तेही 'मला काही उणे पडणार नाही' याच्यापुढे जाईना. शेवटी मी आजीसारखे केले. मोठ्याने, घरात दुसरे कोणी नसताना, मी म्हटले, "बापा, मला कर्करोगाची भीती वाटते. मुलीचे लग्न व्हायचे आहे. केस जातील याचीसुद्धा भीती वाटते आणि त्याची लाज वाटते." या बोलण्याने छातीतली धडधड लगेच थांबली असे मुळीच नाही. मला गॅस बंद करता आला. ओटा पुसला. पातेले भिजत घातले. मग पाळकांच्या पत्नीला फोन केला आणि सकाळी बरोबर याल का म्हणून विचारले. रिपोर्ट काय आला हे लोक उत्सुकतेने विचारतात, पण ते मी इथे सांगणार नाही. कारण चांगला आला म्हटले तर तुम्ही त्याला प्रार्थनेचे फळ म्हणाल, वाईट आला म्हटले तर प्रार्थना फुकट गेली म्हणाल, आणि मला सांगायचे आहे ते त्या रात्री ओट्यापाशी झालेले आहे.

त्या दिवसांत भेटायला आलेल्यांपैकी काहींनी मला 'विश्वास वाढवा, ताई' असे सांगितले. हेतू चांगला असेल, पण घाबरलेल्या माणसाला हा सल्ला देणे म्हणजे त्याच्या भीतीवर अपराधाचे आणखी एक ओझे ठेवणे आहे. एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने जीव घेऊन पळाला, रानात झुडपाखाली बसला आणि मला मरण येऊ दे म्हणाला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याने त्याला निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिले. एलीया जेवला, झोपला, पुन्हा उठून जेवला, आणि देवाशी त्याचे बोलणे झाले ते पुष्कळ दिवसांनी, लांबची वाट चालून गेल्यावर. परिचारिका म्हणून मला हा क्रम फार शहाणपणाचा वाटतो. म्हणूनच ज्यांना रात्ररात्र झोप लागत नाही, विनाकारण धाप लागते, घराबाहेर पाऊल टाकवत नाही, त्यांना मी प्रार्थनेबरोबर मानसोपचार तज्ज्ञाकडेही पाठवते. गोळी घेतली म्हणून विश्वास उणा होतो, असे मला कधीच वाटलेले नाही.

भीती पूर्ण गेल्याशिवाय काही करता येत नाही, असे म्हणणाऱ्यांना मी पंडिता रमाबाईंचे उदाहरण देते. रमाबाईंनी दुष्काळ पुस्तकात वाचलेला नव्हता. त्यांच्या तरुणपणीच्या दुष्काळात त्यांच्या कुटुंबाने पाणी, झाडपाला आणि रानफळे यांवर दिवस काढले होते. १८७४मध्ये वडील गेले, पाठोपाठ आई गेली आणि थोरली बहीणही गेली. अशा अनुभवातून गेलेल्या बाईला उपासमारीने सुकलेले शरीर नुसते पाहिले तरी काय होत असेल, याची कल्पना करावी. तरीही १८९६-९७मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिथे गेल्या आणि शेकडो मुली व विधवांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे दिवस होते, तिथे एवढ्या जणींना ठेवता येईना, म्हणून केडगावच्या माळरानावर त्यांची सोय करावी लागली; आज ज्याला आपण मुक्ती मिशन म्हणतो, ते तिथून उभे राहिले. छपन्नच्या दुष्काळापर्यंत (संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००) तिथे दीड हजाराहून अधिक मुली-बाया राहत होत्या. विश्वासाने रमाबाईंचे दुःखापासून रक्षण झाले, असेही नाही. एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१मध्ये त्यांच्याआधी गेली आणि पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. तोवर पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी सोडले नव्हते. ज्या गोष्टीने आपले घर रिकामे केले, तिच्याच दिशेने पुन्हा चालत जाणारी ही बाई निर्भय होती, असे म्हणणे मला थोडे स्वस्त वाटते. तिला ती भीती इतरांपेक्षा जास्त ओळखीची होती, म्हणूनच तिला त्या मुली दिसल्या असाव्यात.

आता राहिला मरणाचा प्रश्न, जो शेजारणी जरा दबक्या आवाजात विचारतात : "तुम्ही लोक मरणाला भीत नाही म्हणे?" मी अनेक माणसांच्या शेवटच्या घटकेला त्यांच्या खाटेजवळ उभी राहिले आहे, त्यांत सर्व धर्मांची माणसे होती, आणि श्वास अपुरा पडू लागला की शरीर घाबरतेच, तिथे धर्म विचारला जात नाही. पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे. दफनभूमीत माती लोटताना आम्ही ते म्हणतो आणि मी ते मनापासून म्हणते. पण हेही लक्षात ठेवते, की मार्काच्या शुभवर्तमानाची सर्वात जुनी हस्तलिखिते येशूच्या रिकाम्या कबरेपासून पळत सुटलेल्या बायकांपाशी संपतात. त्या कोणाला काही बोलल्या नाहीत, कारण त्या भ्याल्या होत्या. पहिल्या ईस्टरची, म्हणजे येशू पुन्हा उठला त्या दिवसाची, सकाळ अशी होती. ती बातमी आपल्यापर्यंत आली, त्या अर्थी त्या पुढे कधीतरी बोलल्या, पण भीती आधी होती आणि आनंद मागाहून आला.

ज्यांना येत्या आठवड्यात तारीख मिळाली आहे, त्यांनी 'त्या सकाळी नेमके काय म्हणू?' असे विचारले आहे. स्तोत्र येत असेल तर म्हणा. अर्ध्यात अडले तर अडू द्या. कशाची भीती वाटते ते नाव घेऊन सांगा. लहान, लाजिरवाणी भीती असेल तर तीही सांगा. आणि एकटे जाऊ नका. गेथशेमानेत येशूने तीन मित्रांना जागे राहायला सांगितले होते, ते झोपले, आणि तो पुन्हा येऊन पुन्हा त्यांना सांगत राहिला. तेव्हा सोबत मागणे हे काही कमकुवतपणाचे लक्षण नव्हे. घरातले कोणी येण्यासारखे नसेल तर मला आदल्या दिवशी फोन करा. उपाशीपोटी राहायचे ते तुम्ही. मी माझ्या चहाचा थर्मास घेऊन येईन आणि तुम्हाला बाहेर आणीपर्यंत ऑपरेशन थिएटरच्या समोरच्या बाकावर बसेन.