सरदारचं डालगं

दुपारपासून मन थाऱ्यावर नाही. आमचा कोंबडा सरदार आजारी, म्हणून डालग्यात वेगळा ठेवलाय. त्याला उकडलेलं अंडं कुस्करून दिलं, सोबत भिजवलेल्या ज्वारीच्या कण्या. त्यानं तुकडा चोचीत धरला, खाली टाकला, पुन्हा उचलला आणि कुक्‌कुक्‌ करत कोंबड्यांना बोलावलं. त्या धावत आल्या. डालग्याच्या फटीतून माना घालून निम्मं अंडं त्यांनीच फस्त केलं. हा बघत उभा.

हाताला छातीचं हाड धारेसारखं लागतं. तुरा फिका पडलाय. तराजूवर दीड किलोही भरला नाही, तोही भर जवानीतला देशी कोंबडा. नागपुरात सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विष्ठा तपासली, तर गोल जंतांची अंडी निघाली. औषध सगळ्या कळपाला एकाच दिवशी दिलं, कारण जंत विष्ठेतून पसरतो आणि खुराड्यातल्या ओल्या भुशात त्याची अंडी टिकून राहतात. भुसा काढला, जाळला, चुना मारला. आतड्यात वाढणारे बारके जंत पहिल्या मात्रेतून सुटतात, म्हणून पंधरा दिवसांनी दुसरी मात्रा आहे. हे सगळं मी समजून केलं. पण त्यानं मायेनं टाकलेला तो तुकडा खालच्या घाणीत पडतो, आणि तोच त्या खातात. कळपाला ज्याच्यापासून जपायचं, तो त्यांना भरवतोय. हे मला सहन होत नाही.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "काहून एवढं करता वहिनी? रविवारी रस्सा करून टाका." मी काही बोलले नाही. दुसऱ्यांना वाढून वाढून वाळलेलं कोणी दिसलं की लोकांना हेच सुचतं. ह्यांच्या घरी मी... जाऊ दे.

संध्याकाळी शिकरा आला. मला दिसलाही नव्हता. डालग्यातून सरदार असा काही ओरडला की सगळ्या कोंबड्या क्षणात मेंदीच्या कुंपणाखाली. तो एवढा अशक्त, तरी डोळा आभाळाकडेच. मी तिथेच ओट्यावर बसून रडले. कोंबड्यासाठीच रडले असं नाही म्हणता येणार.

मग उठून डालग्याखाली विटा लावून जाळी बसवली, म्हणजे विष्ठा खाली पडेल. फटींना बाहेरून तट्टा बांधला, वरची बाजू मोकळी ठेवली. आभाळ दिसलं पाहिजे त्याला. आणि खाण्याचं उलटं केलं. आधी कोंबड्यांना पोटभर दाणे घातले, त्यांच्या गळ्याखालच्या पिशव्या टम्म होईपर्यंत. त्यानंतर त्याचं अंडं ठेवलं. त्यानं बोलावलं, अर्थातच. कोणी हललं नाही. पुन्हा बोलावलं. मग मान वाकवून खायला लागला, सगळं संपवलं.

त्यांची पोटं भरल्याशिवाय हा खाणार नाही, तर तसंच सही. स्वभाव बदलायला मी कोण? औषधाचा अंश अंड्यात उतरू शकतो, म्हणून दुसरी मात्रा होऊन औषधाचा असर ओसरेपर्यंत घरात कोणी आपल्या कोंबड्यांची अंडी खायची नाहीत, हे मात्र आज स्वयंपाकघरात लिहून लावलंय.