डबा घरचा, पळी हॉटेलची

जर्मनीतील ट्युबिंगेनमधील एका लहान उपाहारगृहातील मुलीने माझा स्टीलचा डबा हातात घेण्यास नकार दिला, तेव्हा मला प्रथम रागच आला. डबा माझ्या गावाहून, विदर्भातील दर्यापूरहून आणलेला आणि लख्ख घासलेला होता. तरीही तिने माझ्यासमोर एक ट्रे ठेवला, झाकण मलाच काढायला सांगितले, डबा त्या ट्रेवर ठेवायला लावला आणि पळी काठाला लागू न देता मसुराची आमटी वरून ओतून ट्रे माझ्याकडे सरकवला. आपल्याकडे कोणाच्या भांड्याला हात लावायचे टाळले, तर त्यामागे शिवाशिवीचाच संशय येतो, आणि माझ्याही मनात तेच आले. येथे मात्र हा नियम येणाऱ्या प्रत्येकाला सारखाच लागू असतो. बाहेरचे भांडे स्वयंपाकाच्या ओट्याला लागू दिले नाही, तर एका घरचे जंतू दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या अन्नात जात नाहीत. ट्रे वेळोवेळी धुतला जातो आणि अस्वच्छ डबा नाकारण्याचा अधिकार दुकानदाराला असतो.

जर्मनीत १ जानेवारी २०२३ पासून, प्लॅस्टिकच्या एकदाच वापरायच्या भांड्यांतून पार्सल देणाऱ्या हॉटेलांनी पुन्हा वापरता येणाऱ्या भांड्याचा पर्यायही द्यावा आणि त्यासाठी अन्नाचा दर वाढवू नये, असा कायदा आहे. अनामत मात्र घेता येते. ज्यांच्याकडे ५ पेक्षा जास्त कामगार नाहीत आणि जागा ८० चौरस मीटरच्या आत आहे, त्यांनी गिऱ्हाइकाच्या डब्यात अन्न भरून दिले तरी पुरते. आमच्या ट्युबिंगेनने तर २०२२ पासूनच एकदाच वापरायच्या भांड्यावर ५० सेंट आणि काट्याचमच्यावर २० सेंट कर बसवला. त्याविरुद्धचा खटला थेट घटना न्यायालयापर्यंत गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये तो कर वैध ठरल्याचे जाहीर झाले. एका लहान शहराने इतकी चिकाटी दाखवावी, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

परंतु हा देश आपल्याला धडे देण्याइतका पुढे गेला आहे, असे मी मानत नाही. अन्नाच्या बाबतीत तो कायदा फक्त प्लॅस्टिकपुरता असल्यामुळे कागदी खोके आणि ॲल्युमिनियमची भांडी त्यातून सुटतात. घरून डबा नेणे ही येथे आता शिकण्याची गोष्ट झाली आहे. आपल्याकडे बाजाराच्या दिवशी हॉटेलातून रस्सा आणायला गंज, म्हणजे घरचे पातेले, नेणारी पिढी अजून हयात आहे. महाराष्ट्रानेही २०१८ मध्येच प्लॅस्टिकबंदीचा आदेश काढला होता. तरीही उकळती तर्री पातळ प्लॅस्टिकच्या पन्नीत गाठ मारून आजही दिली जाते, आणि मला सर्वांत जास्त सलते ते हेच.

दर्यापूरच्या बहुतेक हॉटेलांना परदेशी यंत्रणेची गरज नाही. जर्मनीतील अनामतीची प्लॅस्टिकची वाटी आपल्या हळदीने पिवळी पडते आणि घासून घासून तिच्यावर ओरखडे उठतात, ज्यांत अन्नाचे कण अडकतात. स्टीलला हळदीचा डाग राहत नाही. गिऱ्हाईक डबा विसरले, तर हॉटेलाने स्वतःचा कडीचा डबा अनामत घेऊन द्यावा आणि त्यावर हॉटेलाचे नाव व क्रमांक कोरून घ्यावा. भांड्यांवर नाव घालून देणारे लोक आपल्याकडे गावोगाव आहेत.

खरी अडचण धुण्याची आहे. आपला भाग खारपाणपट्ट्यातला, म्हणजे जमिनीतले पाणी खारट असलेला. विहिरीच्या पाण्याला साबणाचा फेस नीट येत नाही आणि भांड्यावर पांढरा थर बसतो. जर्मनीत मोठ्या यंत्रात अतिशय गरम पाण्याने शेवटचे खंगाळणे होते. यंत्र नसेल, तर परत आलेला डबा झाकण वेगळे करून साबणाने घासावा, ७७ अंशांच्या वरच्या पाण्यात निदान अर्धा मिनिट बुडवावा आणि फडक्याने न पुसता जाळीवर उपडा ठेवून वाळू द्यावा, कारण दिवसभर वापरलेले ओले फडके धुतलेले सारे वाया घालवते. खंगाळण्यासाठी नळयोजनेचे गोडे पाणी राखून ठेवावे. धुतलेले आणि परत आलेले डबे एकाच टेबलावर कधीही येऊ देऊ नयेत.

उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा पातेल्यातील रस्सा ६० अंशांच्या वर ठेवूनच डब्यात भरला पाहिजे, आणि डब्यात भरल्यापासून एका तासाच्या आत खायचा, हे गिऱ्हाइकाला तोंडी सांगितले पाहिजे. पुढच्या सुट्टीत गावी आल्यावर बसस्थानकाजवळच्या ओळखीच्या हॉटेलमालकांपुढे मी हाच प्रस्ताव ठेवणार आहे. पहिल्या ट्रेचा, लांब दांड्याच्या पळीचा आणि थर्मामीटरचा खर्च मी देईन. डबे मात्र त्यांनी आपल्या नावाने घ्यावेत.