चाळीस सेकंदांची शांतता

जुनी हार्ड डिस्क रिकामी करायला बसले होते. नवी घेणं आणखी किती दिवस टाळता येईल, याचा अंदाज घेत. दुपारची वेळ, डोळ्यांवर झापड. एकेक फोल्डर उघडायचं, बघायचं, पुसायचं. त्यातल्या एकात नुसत्या आवाजाच्या फायली निघाल्या. चाळीस-पन्नास सेकंदांच्या, मिनिटाच्या वर एकही नाही. नावं रेकॉर्डिस्टनं त्याच्या पद्धतीनं दिलेली : ‘शेड रूम टोन’, ‘वरचा मजला रूम टोन पंख्यासह’, ‘वरचा मजला रूम टोन पंखा बंद’, ‘प्रेसची खोली’. एका नावाच्या शेवटी नुसतंच ‘एनजी’.

पुसण्याआधी एखादी ऐकून तरी बघू म्हणून हेडफोन लावले आणि तास गेला. तासभर काय ऐकलं म्हणाल, तर काहीच नाही. सात-आठ स्टुडिओंमधली शांतता.

कलाकाराची मुलाखत संपली, की आमचा रेकॉर्डिस्ट हात वर करतो. “कुणी हलू नका. एक मिनिट.” मग कलाकार, कॅमेरावाला, लाइटवाला, मी, सगळे जागच्या जागी पुतळे. सगळे जमिनीकडे बघतात, कारण नजरानजर झाली की हसू फुटतं. त्या मिनिटात तो खोलीचा आवाज, म्हणजे ‘रूम टोन’, घेतो. पुढं एडिटला बसल्यावर कलाकाराचे ‘अं’, ‘म्हणजे’ आणि खोकले काढून टाकले, की बोलण्यात जी भोकं पडतात, ती या शांततेनं बुजवायची. ती त्याच खोलीची लागते. दुसऱ्या खोलीची शांतता जोडली तर ठिगळ लगेच कळतं, आणि काहीच जोडलं नाही तर बघणाऱ्याला आपले कान गेल्यासारखं वाटतं.

गंमत म्हणजे नाव न वाचताही मला खोल्या ओळखता येत होत्या. ट्यूबलाइटची बारीक गुणगुण आणि मधूनच ‘टप्’, ही शिल्पकारांची शेड. अर्धवट पुतळ्यावरच्या ओल्या फडक्यातून थेंब पडतोय. ही छापाचित्रं करणाऱ्यांची खोली, खिडकीची एक काच सैल. आणि ही, जिथं फ्रिज बंद करून रेकॉर्डिंग केलं होतं. फ्रिज बंद केला की आमचा रेकॉर्डिस्ट गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवतो. निघताना किल्ली शोधावी लागते, फ्रिज आपोआप आठवतो. हा शहाणपणा त्याला कुणाच्या घरी आणि केवढ्याला पडला, ते मात्र आम्ही कुणाला सांगत नाही.

कलाकारांच्या स्टुडिओत जाऊन त्यांचं काम चित्रित करायचं, हा माझा उद्योग. सांगायला भारदस्त वाटतं. प्रत्यक्षात तो दुसऱ्याच्या खोलीत अडचण करून उभं राहण्याचा उद्योग आहे. आदल्या दिवशी फोन करून मी न चुकता सांगते, “काही आवरू नका हं, आहे तसंच राहू दे.” आणि पोचावं तर फरशी पुसलेली, ब्रश उंचीप्रमाणे उभे, ज्या चिंध्यांवरचे रंगांचे डाग मला हवे होते त्या गायब. मग आम्ही तो स्टुडिओ पुन्हा विस्कटतो. हा डबा जरा पुढं, ती ट्यूब आडवी, टोपण काढून. चित्रकार फ्रान्सिस बेकनची लंडनमधली कामाची खोली त्याच्या मृत्यूनंतर डब्लिनच्या ह्यू लेन गॅलरीत हलवली, तेव्हा पुरातत्त्वाच्या लोकांना बोलावून एकेका चिंधीची जागा नकाशावर मांडली होती. सात हजारांहून जास्त वस्तू. भिंती, दारं, छतही नेलं, आणि धूळसुद्धा गोळा करून नेली. २००१मध्ये ती खोली तिथं लोकांना बघायला खुली झाली. तिचा विचार आला की मला अपराधी वाटतं. त्या खोलीत मीही पहिल्या पाच मिनिटांत एखादा डबा सरकवलाच असता.

पण खरी अडचण वस्तूंची नाही. आम्हाला हवा असतो हात. ब्रश रंगात बुडताना, अंगठा मातीत रुतताना, छिन्नीवर हातोडा बसताना. आणि कलाकार बहुतेक वेळ काय करतो? बसतो. खुर्चीत बसून समोर बघतो. उठतो, दोन पावलं मागं जातो, पुन्हा बसतो. एका शिल्पकारांच्या शेडमध्ये सकाळपासून चार तास कॅमेरा लावून बसलो होतो. कंटाळून मी मोजायला लागले : त्या चार तासांत त्यांनी मातीला अकरा वेळा हात लावला. एडिटमध्ये आम्ही ते अकरा हात सलग जोडले, खाली बासरी टाकली. बघणारे म्हणाले, “काय तल्लीन होऊन काम करतात हो!” तल्लीन ते होतेच. पण ते त्या खुर्चीत, आणि खुर्ची आम्ही कापली होती.

हे बसणं पडद्यावर टिकवायला फार धीर लागतो, आणि तो असणारी माणसं आहेत. १९९०च्या शरदात माद्रिदमध्ये अंतोनिओ लोपेझ हा चित्रकार अंगणातल्या बिहीच्या (क्विन्सच्या) झाडाचं चित्र काढत होता. विक्तोर एरिसेनं त्यावर फिल्म केली, ती १९९२ साली आली. रोज उभं राहायची जागा चुकू नये म्हणून लोपेझ पावलांपाशी जमिनीत खिळे ठोकतो. फळं पिकून जड होतात, फांदी वाकते. किती वाकली ते कळावं म्हणून फळांवर आणि पानांवर पांढऱ्या रंगाच्या खुणा करतो. पाऊस येतो, ऊन हवं तिथं पडत नाही. शेवटी तो रंगवायचं सोडून देतो, नुसतं रेखाटन सुरू करतो, आणि तेही पुरं व्हायच्या आत फळं गळून पडतात. चित्र होतच नाही. दोन तासांहून लांब फिल्म! हे असं काही मी माझ्या निर्मात्याला सांगितलं, तर तो मला आधी पाणी विचारेल आणि मग दार दाखवेल.

आम्ही वाट बघत नाही. आम्ही म्हणतो, “परत एकदा?”

हे दोन शब्द मी किती कलाकारांना म्हटले असतील! एक वयस्कर चित्रकार होते. मोठा कॅनव्हास, करडा. बराच वेळ बसल्यावर ते उठले आणि सपाट ब्रशनं डावीकडून उजवीकडे एकच पांढरा पट्टा ओढला. अंगावर काटा आला. कॅमेरावाल्यानं मान हलवली, फोकस गेला होता. मी म्हटलं, “सर, तेच जरा परत?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे, काय बोलतेय ते समजलं नाही तर माणूस बघतो तसं. मग सभ्य माणूस, पाहुण्यांचं मन मोडायचं नाही म्हणून त्यांनी ब्रश पुन्हा भरला आणि त्याच पट्ट्यावरून फिरवला. शॉट सुंदर आला. तुम्ही कदाचित पाहिलाही असेल. दोन महिन्यांनी फिल्मची प्रत द्यायला गेले, तेव्हा तो कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्यांनी काही म्हटलं नाही, मीही विचारलं नाही.

१९५०मध्ये छायाचित्रकार हान्स नामुथनं जॅक्सन पोलॉक या अमेरिकन चित्रकाराचं चित्रीकरण केलं. पोलॉक कॅनव्हास जमिनीवर पसरून वरून रंग ओतायचा, शिंपडायचा, आणि नामुथला रंग आणि माणूस एकाच चौकटीत हवे होते. म्हणून पोलॉकला काचेवर चित्र काढायला लावलं आणि नामुथ कॅमेरा घेऊन काचेखाली आडवा झाला. उजेडासाठी सगळं काम उघड्यावर, ऐन थंडी सुरू होताना. पहिल्या काचेवरच्या चित्राशी संबंध तुटला म्हणून ते पुसून दुसरं सुरू केलं, हे पोलॉक त्या फिल्ममध्ये स्वतःच सांगतो. नोव्हेंबरच्या अखेरीस काम संपलं. पोलॉक घरात आला आणि त्यानं सरळ ग्लास भरला. दोन वर्षं त्यानं दारूला हात लावला नव्हता. त्या रात्री पाहुण्यांसाठी मांडलेलं जेवणाचं टेबल त्यानं उलथून टाकलं. सगळं पाप कॅमेऱ्याच्या माथी मारणं सोपं आहे, आणि ते खरंही नसेल. पण दिवसच्या दिवस ‘आता सुरू कर’, ‘आता थांब’ ऐकल्यावर माणसाचं काय होत असेल, याची मला थोडी कल्पना आहे. ऐकवणारी मीच असते ना.

खरं तर ही कल्पना मला फार आधीपासून असायला हवी होती. शाळेत चित्रकलेचे सर बाकांच्या मधून फिरायचे. चपलांचा आवाज येत यायचा, आणि माझ्या मागं थांबायचा. त्या क्षणी माझा हात मरायचा. समोर अर्धा कावळा. पंख काढायचा बाकी, चोच बाकी, पण नवी रेष काढायची हिंमत नाही. मग मी आधीच काळा असलेला कावळा आणखी काळा करत बसायची. पेन्सिल घासून घासून कागद चकाकायला लागायचा, एकदा तर फाटला. सर वरून म्हणायचे, “चालू दे, चालू दे.” आता इतक्या वर्षांनी कळतं, ते खरंच म्हणत होते. त्यांना कावळा आवडलाही असेल. पण मला वर बघायचा धीर कधी झाला नाही, त्यामुळे त्यांचा चेहरा कसा होता ते मला आजही माहीत नाही. त्यांच्या चपला तेवढ्या आठवतात. डाव्या चपलेचा अंगठा शिवलेला होता.

ती खोड गेलेली नाही. अजूनही कुणी मागं येऊन उभं राहिलं, की माझं लिहिणं थांबतं आणि मी लिहिलेल्यातले ऱ्हस्व-दीर्घ तपासत असल्याचं सोंग करते. घरात सगळ्यांना हे ठाऊक आहे. मागून जायचं असेल तर लांबूनच खाकरतात. आणि अशी मी, दुसऱ्याच्या स्टुडिओत तीन माणसं आणि दोन कॅमेरे घेऊन शिरते आणि पहिलं वाक्य काय म्हणते? “तुमचं चालू द्या. आम्ही नाहीच असं समजा.”

एक चित्रकार बाई होत्या, त्यांना हे समजणं जमलं नाही. दोन दिवस गेलो. त्यांनी ईझलवर कागद लावला, चारकोलची कांडी हातात घेतली, कॅमेऱ्याकडे बघून ओशाळं हसल्या आणि कांडी खाली ठेवली. पुन्हा घेतली. पेन्सिलींना टोकं केली. दुसऱ्या दिवशी पाच वाजता म्हणाल्या, “नाही हो होत. तुम्ही आपली मुलाखतच घ्या.” मुलाखत चांगली झाली. बोलायला त्यांना अडचण नव्हती. फ्रेंच चित्रकार मातीसचाच किस्सा त्यांनी सांगितला. १९४६ साली मातीसला चित्र काढताना चित्रित केलं आणि त्यातला काही भाग स्लो मोशनमध्ये दाखवला. नेहमीच्या वेगात हात सरळ जाऊन रेष काढतो. संथ केल्यावर दिसलं, की हात कागदाजवळ जातो, हवेतच रेंगाळतो, इकडून तिकडून चाचपतो, आणि मग कुठं टेकतो. ते बघून मातीस स्वतःच हादरला, म्हणे उघडं पडल्यासारखं वाटलं. “मातीसला!” बाई म्हणाल्या. “मग आमची काय कथा?” आम्ही सगळे हसलो. त्यांची फिल्म झाली नाही. नुसत्या बोलण्याला कोण घेतं?

फायली ऐकून झाल्या होत्या, ती एक सोडून. एनजी म्हणजे वाया गेलेली, टाकायची. तीही लावली. सुरुवातीला खोली ओळखता येईना. पंखा नाही, ट्यूब नाही. लांब कुठंतरी नळ गळतोय. मग रेकॉर्डिस्टचा आवाज, “रूम टोन, वर्किंग रूम.” शांतता. पंधरा सेकंद, अठरा सेकंद.

विसाव्या सेकंदाला काहीतरी खरखरलं. बारीक, तुटक. थांबलं. पुन्हा सुरू झालं, या वेळी लांब, एका दमात, मग छोटे छोटे चार फटके, मग पुन्हा लांब. कागदावर चारकोल.

आम्ही सगळे जमिनीकडे बघत उभे होतो. कॅमेरे बंद होते.

बत्तिसाव्या सेकंदाला माझा आवाज येतो. फार गोड आवाजात बोलले आहे मी. “मॅडम, सॉरी, तुमचा आवाज येतोय. वीसच सेकंद फक्त.”

“अरे हो, हो,” बाई म्हणतात, आणि कांडी ठेवल्याचा आवाज येतो.

बाकीच्या फायली पुसल्या. जागा काही फारशी झाली नाही. आवाजाच्या फायली असतात केवढ्याशा. नवी डिस्क घ्यावीच लागणार.