आवाजाची तपासणी : यंत्राचे आकडे आणि जाणता कान

शाळेत शिकवणाऱ्यांना आवाज बसणे नवे नसते. परंतु महिना उलटूनही माझा घोगरेपणा जाईना, तेव्हा मी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेले. त्यांनी दुर्बिणीतून पाहिले आणि दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर आलेल्या बारीक गाठी दाखवल्या. शस्त्रक्रियेची घाई न करता त्यांनी मला आवाजाच्या सविस्तर मोजमापासाठी वाचातज्ज्ञ बाईंकडे पाठवले.

शांत खोलीत तोंडापासून ठरावीक अंतरावर मायक्रोफोन बांधून बाईंनी मला एका श्वासात 'आ' लांबवायला सांगितले. निरोगी प्रौढ स्त्रीला हा स्वर साधारणपणे पंधरा सेकंद तरी टिकवता येतो. माझा श्वास नऊ सेकंदांतच सरला. ध्वनिमुद्रण ॲमस्टरडॅम विद्यापीठात तयार झालेल्या 'प्रात' या मोफत संगणक-प्रणालीत उघडून त्यांनी स्वराचा आरंभ आणि शेवट वगळला व मधला स्थिर भाग निवडला. लागोपाठच्या कंपनांच्या कालावधीतील चढउतार म्हणजे जिटर आणि त्यांच्या तीव्रतेतील चढउतार म्हणजे शिमर. माझे दोन्ही आकडे थोडेसेच वाढलेले निघाले. मला हायसे वाटले, पण बाईंनी लगेच सावध केले : प्रत्येक कंपन अचूक ओळखता आले तरच हे आकडे खरे मानायचे, आणि आवाज मध्येच फाटला की यंत्राची मोजणीच चुकते.

खरी उकल झाली ती ऐकण्यातून. जपानमधील हिरानो यांनी 1981 मध्ये मांडलेल्या 'जीआरबीएएस' श्रेणीनुसार एकूण बिघाड, खरखर, हवेची गळती, क्षीणता आणि ताण यांना शून्य ते तीन असे गुण देतात. उतारा वाचून झाल्यावर बाई म्हणाल्या, "आता वर्गात हजेरी घेता तशी नावे पुकारा." पाच-सहा नावांतच माझी पट्टी चढली, मानेच्या शिरा ताठ झाल्या आणि प्रत्येक नावाची सुरुवात धक्क्याने होऊ लागली. लांबवलेल्या 'आ'मध्ये न दिसलेला हा ताण त्यांनी दोन गुणांचा ठरवला. एकाच कानावर विसंबायचे नाही म्हणून त्यांनी ते मुद्रण एका सहकाऱ्यांना, माझे निदान न सांगता, ऐकवले आणि त्यांनीही ताणाला दोनच गुण दिले. केवळ आकड्यांवर माझी बोळवण झाली असती, तर उपचार चुकीच्या जागी सुरू झाले असते, असे मला ठामपणे वाटते.

त्यानंतर श्वासाचे आणि मान सैल ठेवून बोलण्याचे व्यायाम सुरू झाले. फेरतपासणीत मायक्रोफोन, अंतर आणि उतारा मुद्दाम तेच ठेवले होते, कारण त्यांत फरक पडला तर तुलनाच निरर्थक ठरते. जुनी-नवी मुद्रणेही कोणते कधीचे हे न सांगता सरमिसळ करून ऐकली गेली. जिटर जवळजवळ होता तेवढाच राहिला, ताण मात्र दोनवरून एकवर आला आणि 'आ' तेरा सेकंद टिकला. गाठी अजून पुरत्या विरलेल्या नाहीत, म्हणून व्यायाम चालू आहेत आणि वर्गात मी गळ्यात अडकवायचा छोटा ध्वनिवर्धक वापरते.