पाकळीचा मणी : आमची वाटचाल

२०१४ साली मी आणि माझ्या जाऊबाईंनी कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या स्वयंपाकघरात गुलाबाच्या पाकळ्यांचे मणी करायला घेतले. पहिल्या दोन खेपा बुरशी येऊन गेल्या. आम्ही पाकळ्या मिक्सरला लावल्या होत्या. मिक्सर फिरायला पाणी मागतो, आणि पाणी वाढलं की मणी आतून सुकतच नाही. मग सासूबाईंचा पाटा पुन्हा मांडला. आजही पहिलं वाटण पाट्यावरच होतं.

कढई मात्र उद्यमनगरातली, बिडाची, चांगली जड. तिला कलई नाही, मुलामा नाही, आणि तसलाच लोखंडाचा उघडा पृष्ठभाग लागतो. आवळा लोखंडी कढईत काळा का पडतो हे प्रत्येक बाईला ठाऊक आहे. पाकळीतलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, लोखंडाला भेटलं की तेच होतं, वरून रंग घालावाच लागत नाही. चार-पाच दिवस रोज वाटायचं, मंद आचेवर फक्त कोमट करायचं, उकळी येऊ द्यायची नाही. लगदा हाताला लोण्यासारखा लागला की वळायला घ्यायचा. ओला मणी बोराएवढा वळला तर सुकून वाटाण्याएवढा होतो. किलोभर पाकळ्यांतून हाती राहतात शंभर-सव्वाशे ग्रॅम. ‘एवढीशी माळ आणि एवढा दर?’ असं विचारणाऱ्यांनी हा हिशेब बघावा.

फूल गावठीच घ्या. शिरोळ तालुक्यातल्या हरितगृहांतला डच गुलाब दिसायला देखणा, पण त्याला वास नाही.

गुजरीतले, म्हणजे सराफ बाजारातले, दागिने ओवणारे पटवेकरी काका आमचे पहिले गिऱ्हाईक आणि पहिले गुरूही. साज ओवण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. पहिली माळ हातात घेऊन म्हणाले, “वैनी, भोक तिरकं आहे. माळ गळ्यात सरळ बसायची नाही.” त्यांनीच एक जुनं दाभण दिलं, टोक घासून बोथट केलेलं. मणी थोडा घट्ट झाल्यावर फिरवत फिरवत टोचायचा, एका दमात आरपार नाही. मग जाड दोऱ्यात ओवून सावलीत टांगायचा आणि रोज थोडा सरकवायचा, नाहीतर दोऱ्याला चिकटतो. हुपरीच्या चांदीच्या बारीक टोप्या दोन मण्यांत घालायची कल्पनाही काकांचीच.

२०१८ मध्ये महाद्वार रोडच्या एका व्यापाऱ्याने आमच्याकडून माळा न्यायला सुरुवात केली. माणूस गोड बोलायचा. घरी यायचा, चहा घ्यायचा. कढई किती वेळ ठेवता, पाकळी कुठून आणता, सगळं विचारायचा आणि आम्ही सगळं सांगितलं. सहा महिन्यांनी त्याची मागणी बंद झाली. दिवाळीला बघते तर त्याच्या काचेत काळ्या माळा, खाली आमच्याच शब्दांत चिठ्ठी : ‘घरगुती पाकळी मणी’. दर आमच्या निम्मा. काकांनी एक मणी फोडून पाहिला. लाकडाचा भुसा, गोंद, काळा रंग आणि वर सेंट. घामाने रंग सुटून बायकांच्या साड्या डागाळल्या आणि त्या तक्रार घेऊन आल्या आमच्या दारात, कारण पाकळीचा मणी म्हटला की लोक आमच्याकडेच बोट दाखवायचे.

ओला झाला तर आमचाही मणी डाग देतो, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला आधीच सांगते. त्यामुळे भांडायला तोंडही अर्धंच उघडत होतं. दोन दुकानांनी माल परत पाठवला. त्यातच ऑगस्ट २०१९ चा महापूर आला. आमच्या घरात पाणी शिरलं नाही, पण वीज नाही, हवा ओलीचिंब, शिरोलीला महामार्ग बंद आणि टांगलेली सगळी खेप बुरशीने पांढरी पडलेली. जाऊबाई म्हणाल्या, कढई माळ्यावर टाकू.

काकांनी टाकू दिली नाही. त्यांनी आमची एक जुनी माळ आणि त्या व्यापाऱ्याची एक, अशा दोन्ही माळा महिनाभर दुकानाच्या खणात ठेवल्या. पुढे जी बाई येईल तिच्या एकेका मुठीत एकेक माळ द्यायचे आणि म्हणायचे, “मुठी आवळा, शंभर आकडे मोजा.” हाताच्या उबेने आमच्या मण्याचा गुलाब जागा व्हायचा. दुसऱ्या मुठीत नुसता गोंदाचा वास. एवढ्यावर त्यांनी आमची गिऱ्हाइकं एकेक करून परत आणली. त्या माणसाने आजवर एक शब्द माफीचा काढलेला नाही आणि चिठ्ठी अजून तीच आहे. ते आम्ही विसरलेलो नाही.

नंतरची वर्षं ओवण्यात गेली. आता चार बायका आमच्याबरोबर वळायला बसतात. काका थकले, दुकानात त्यांचा मुलगा बसतो.

माळ घेणाऱ्यांना एवढंच सांगते : आंघोळीआधी काढून ठेवा, खोबरेल लावू नका, खवट होतं. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, सुती रुमालात बांधून लाकडी कपाटात ठेवा. नव्याने मणी करणाऱ्यांनी जून-जुलैत कढई चुलीवर चढवूच नये. आम्हीही आता मृगाआधी शेवटची खेप उतरवतो आणि दाभणाला तेल लावून ठेवतो.